क्लीन गिटारमधला पिकचा खटखटाट कमी करणे : प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५ : मांडणी

काम एका संथ मराठी गाण्याचे. लय मिनिटाला ७२ ठोके, क्लीन (न फाटवलेल्या, स्वच्छ आवाजाच्या) इलेक्ट्रिक गिटारवर सुटे स्वर, त्यावर एकच गायक, मागे जवळजवळ काही नाही. इतक्या मोकळ्या जागेत पिकचा (तारा छेडायच्या छोट्या प्लास्टिकच्या पट्टीचा) प्रत्येक स्पर्श उघडा पडतो. शिवाय तो पडतो नेमका शब्दांवर. ‘ट’, ‘त’, ‘च’ फुटतात तो आवाज आणि पिक तारेवर आपटते तो आवाज, दोन्हींचा मोठा भाग २ ते ६ किलोहर्ट्झमध्ये असतो. शब्द नीट कळत नाहीत म्हणून गायकाचा ट्रेबल वाढवला जातो, मग गिटारचाही वाढवावा लागतो, आणि शेवटी दोघेही कानाला टोचतात.

साहित्य: स्ट्रॅट पद्धतीची गिटार, तीन सिंगल कॉइल पिकअप (तारेचे कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे, एका वेटोळ्याचे), १०–४६ च्या (जाडी इंचाच्या हजारांशात) तारा, ५ मीटर केबल, संगणकाला जोडलेल्या ऑडिओ इंटरफेसच्या गिटार इनपुटमध्ये थेट. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सगळ्यांत जोराच्या आघाताला पातळी −१२ डीबीच्या वर जाऊ नये एवढाच गेन. इनपुट क्लिप झाला (सिग्नल मर्यादेबाहेर जाऊन कापला गेला) तर त्याचाही ‘टक’ येतो आणि तो पिकचा समजून भलतीकडेच शोध सुरू होतो.

थेट सिग्नल नुसता ऐकून काहीही ठरवायचे नाही. बारा इंची गिटार स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो. तो उतार नसलेल्या सिग्नलमध्ये पिकचा आवाज नेहमीच भयंकर वाटतो. म्हणून कॅबिनेटचा (स्पीकरच्या पेटीचा) आयआर, म्हणजे तिच्या आवाजाची डिजिटल नक्कल, लावूनच तुलना.

प्रत्येक बदलानंतर तेच चार बार वाजवायचे, एकदा हळू, एकदा जोरात, आणि प्रत्येक तार सुटीही एकदा. तुलनेआधी दोन्ही टेक एकाच आवाजावर आणायचे. थोडा हळू वाजणारा टेक कानाला आपोआप मऊ वाटतो, त्यात सुधारणा काहीच नसते.

५ जानेवारी : आवाज वेगळे करणे

‘पिकचा आवाज’ म्हणून जे ऐकू येते ते तीन वेगवेगळे आवाज आहेत. तिघांचे कारण वेगळे, उपायही वेगळा. नोंदींपुरती नावे: चर्र, टक, ठक.

चर्र फक्त वाऊंड, म्हणजे वर बारीक तार गुंडाळलेल्या जाड तारांवर (६, ५, ४) येतो आणि स्वराच्या किंचित आधी. पिकचा काठ गुंडाळीच्या वेढ्यांवरून घासत जातो त्याचा हा आवाज. हिशेब सोपा आहे. ४६ च्या तारेच्या गुंडाळीची जाडी साधारण ०.३५ मि.मी. पिक तारेच्या लांबीच्या दिशेने सेकंदाला अर्धा मीटर वेगाने सरकले तर सेकंदाला सुमारे १,४०० वेढे ओलांडते, एक मीटर वेगाने सुमारे २,८५०. म्हणजे चर्रची पट्टी हाताच्या वेगाबरोबर वरखाली होते. चौथ्या तारेची गुंडाळी याच्या निम्म्याहून बारीक असते, तिथे तोच आवाज ६ किलोहर्ट्झच्या आसपास जातो. ईक्यूमध्ये (ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणारे साधन) एक अरुंद खाच मारून चर्र का जात नाही, त्याचे उत्तर इथेच आहे.

टक सगळ्या तारांवर येतो. आधीचा स्वर अजून वाजत असतानाच पिक कंप पावणाऱ्या तारेला टेकते. वेव्हफॉर्म मोठा करून पाहिला तर क्रम स्पष्ट दिसतो: जुना स्वर तुटतो, एक छोटा टोकदार झुपका येतो, काही मिलिसेकंद जवळपास शांतता, मग नवा स्वर. कानाला खुपतो तो झुपकाही आणि ती शांतताही.

ठक म्हणजे पिक किंवा नख पिकगार्डवर (तारांखालच्या प्लास्टिकच्या पत्र्यावर), पिकअपच्या कव्हरवर आदळणे. डाव्या हाताने तारा दाबून धरायच्या आणि नखाने पिकगार्डवर टिचकी मारायची. स्पीकरमधून ती टिचकी मोठ्याने आली तर पिकअप मायक्रोफोनसारखा वागतो आहे. आतली वेटोळी सैल असली की असे होते आणि मग मेणात बुडवण्याचे काम निघते. या गिटारमध्ये टिचकी जेमतेम ऐकू येते. तो विषय बंद.

८ जानेवारी : पिक

सगळ्यांत मोठा फरक इथे पडला आणि खर्च नगण्य.

पातळ पिक (०.५ ते ०.६ मि.मी.) वाकते आणि तार सुटताच झटक्याने सरळ होते. त्या फटक्याचा स्वतःचा आवाज असतो, वर वाकण्या-सुटण्यात तारेशी संपर्कही लांबतो. ‘मऊ आवाजासाठी मऊ पिक’ हा समज म्हणूनच उलटा ठरतो. जाड पिक (१.१ ते १.५ मि.मी.) वाकत नाही, तार त्याच्या कडेवरून घरंगळून सुटते. मात्र जाड पिकची कड कारखान्यातून आली तशी चौकोनी असेल तर ते पातळ पिकपेक्षाही वाईट: दोन धारदार कोपरे वेढ्यांत अडकत जातात.

निवड: १.१४ मि.मी.चे डेलरिन (एक गुळगुळीत प्लास्टिक), नेहमीचा तीन कोपऱ्यांचा आकार. नायलॉन चांगले घसरते, पण पकडीसाठी उठवलेले दाणे टोकापर्यंत असतील तर नव्या पिकमध्ये तेच खरखरतात. अल्टेमचा (दुसरे, टणक प्लास्टिक) आघात जास्त चमकदार, या गाण्याला नको.

कड घासण्याची रीत: वॉटर पेपर ४००, ८००, १५००, २०००, सपाट काचेवर ठेवून, पाण्याने ओला करून. दोन्ही बाजूंनी साधारण ४० अंशांचा उतार ४०० वर काढायचा आणि कोपरा पुसून गोल करायचा. मग पुढच्या प्रत्येक पेपरवर आधीच्या पेपरचे ओरखडे दिसेनासे होईपर्यंत. शेवटी जीन्सच्या कापडावर पितळेचे पॉलिश लावून चोळायचे आणि साबणाने धुवायचे. पॉलिश राहिले तर पिक बोटातून निसटते.

इथे तीन गोष्टी बिघडतात. कोरड्या पेपरवर जोर दिला की प्लास्टिक तापते आणि कडेला तंतू सुटतात, ते तारेवर खरखरतात. घासण्याची दिशा कडेला आडवी ठेवली तर कडेवर बारीक दाते तयार होतात, म्हणून शेवटचे दोन पेपर कडेच्या लांबीच्या दिशेनेच फिरवायचे. तिसरे, उतार एकाच बाजूला काढला तर खाली मारलेला आघात मऊ आणि वर मारलेला टोकदार निघतो, आणि सम-विषम स्वरांचा असा तिरपागडेपणा पुढे कोणत्याही प्लगिनने (रेकॉर्डिंगवर प्रक्रिया करणाऱ्या सॉफ्टवेअरने) सुधारत नाही.

टोकाऐवजी गोल खांदा वापरूनही टेक घेतला. चर्र जवळपास गेला, पण स्वराची सुरुवात इतकी बोथट झाली की आर्पेजिओ (कॉर्डचे एकेक सुटे वाजवलेले स्वर) मागे रेंगाळल्यासारखा वाटू लागला. शेवटी टोकच, पण थोडे गोल केलेले.

१० जानेवारी : हात

चर्रला तारेच्या लांबीच्या दिशेने घसरण लागते. ती दोन वाटांनी येते. एक, पिकचा काठ तारेशी तिरका धरल्याने. दोन, हात कोपरापासून फिरल्याने पिकचा मार्गच कमानीसारखा झाला की. दुसरे कारण सहसा कोणी पाहत नाही. पिक अगदी सपाट धरूनही चर्र येत असेल तर मोबाइलवर हळू गतीचा व्हिडिओ काढून पिकचा मार्ग बघावा.

काठ पूर्ण सपाट धरला तर घसरण नाही, पण तार अडकते आणि टक वाढतो. ४५ अंशांवर हात सुळकन सुटतो आणि वाऊंड तारा किरकिरतात. वाऊंड तारांवर १० ते १५ अंश, साध्या तारांवर २५ ते ३० अंश. हा फरक मनगटाच्या किंचित वळणाने होतो, पकड बदलावी लागत नाही.

बोटांतून पिक ३ ते ४ मि.मी.च बाहेर. वाजवण्याची जागा मधल्या आणि नेक पिकअपच्या मध्ये. ब्रिजजवळ तार ताठ लागते, वरचे स्वरांश वाढतात आणि आघात त्यांच्यात मिसळून कर्कश होतो.

टकवर हाताकडून एकच खरा उपाय: पिक तारेवर आधी टेकवून वाट पाहायची नाही. अचूकपणासाठी बरेच जण तसे करतात. जुना स्वर संपवायचाच असेल तर तो डाव्या हाताचे बोट सैल करून संपवावा, मग पिक थांबलेल्या तारेवर येते आणि टक उरतो तो फार थोडा. तीच तार लगेच पुन्हा वाजवायची असेल तर मात्र सुटका नाही. तिथे वेग हवा, जोर नको.

बारीक तीन तारांसाठी मधले आणि अनामिका बोट वापरले तर त्या तारांवरचा पिकचा प्रश्नच मिटतो. अट एकच, नखे कापलेली हवीत. नखाचा टक पिकपेक्षा उंच पट्टीत लागतो.

१३ जानेवारी : तारा

फ्लॅटवाऊंड (सपाट गुंडाळीच्या) ११–५० लावून पाहिल्या. चर्र शून्य. टक तसाच, आणि तो आता जास्त एकटा पडला, कारण त्याला झाकणारी चमकही गेली. तिसरी तार आता वाऊंड २२ ची, त्यामुळे नटची (मानेच्या टोकाच्या पट्टीची) खाच घट्ट झाली आणि त्या तारेचा सॅडल (ब्रिजवरचा टेकू) पुन्हा जुळवावा लागला. एकूण ताण वाढल्याने मान पुढे वाकली, ट्रस रॉड (मानेतली सळई) थोडा कसावा लागला. जॅझसाठी हे सगळे सोसावे. इथे गाण्याचा रंगच बदलला, म्हणून नाकारले.

परत १०–४६ राउंडवाऊंड (नेहमीच्या गोल गुंडाळीच्या), पण शुद्ध निकेलच्या आणि आठवडाभर वाजवून मुरलेल्या. स्टीलच्या नव्या तारा रेकॉर्डिंगच्या सकाळी चढवणे म्हणजे चर्रला आमंत्रण.

१६ जानेवारी : पिकअपची उंची

शेवटच्या फ्रेटवर तार दाबून, तारेचा तळ ते पिकअपचा खांब हे अंतर मोजायचे. सिंगल कॉइलला बास बाजूला २ आणि ट्रेबल बाजूला १.६ मि.मी. ही नेहमीची सुरुवात. इथे २.४ आणि २ केले. पिकअप जवळ असला की तारेच्या पहिल्या मोठ्या झोक्याला तो प्रमाणाबाहेर मोठा सिग्नल देतो; दूर गेला की आघात आणि स्वर यांतले अंतर कमी होते. आवाज जरा उतरतो, तो इंटरफेसवर भरून काढायचा. पिक कव्हरला लागणेही थांबले.

१८ जानेवारी : केबल आणि कपॅसिटर

पिकअपचे इंडक्टन्स आणि केबलचे कपॅसिटन्स मिळून एक अनुनाद तयार होतो, त्या फ्रिक्वेन्सीला उंचवटा येतो आणि तिच्यावर सिग्नल उतरतो. पिकअप २.५ हेन्री. केबल मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड, म्हणजे ५ मीटरला ५०० आणि वेटोळ्याचे स्वतःचे सुमारे १००. एकूण ६०० पिकोफॅरडला उंचवटा पडतो ४.१ किलोहर्ट्झवर. म्हणजे गिटारच टकला उचलून धरते.

समांतर कपॅसिटर जोडून उंचवटा खाली आणता येतो:

४७० पिकोफॅरड जोडल्यास ३.१ किलोहर्ट्झ
१ नॅनोफॅरड जोडल्यास २.५ किलोहर्ट्झ
२.२ नॅनोफॅरड जोडल्यास १.९ किलोहर्ट्झ

आधी मगरचिमट्याने जॅकवर लावून ऐकले, मग सोल्डर. ४७० ला टक मागे सरकला आणि स्वर मोकळा राहिला. १ नॅनोला आवाज नाकात गेला. २.२ ला टोन अंधारा, सोलोसाठी कदाचित, इथे नाही. उंचवटा खाली आणल्याने तो सरकतो, पण नाहीसा होत नाही. तो बसवायचा तर टोनची खुंटी १० वरून ७-८ वर आणायची. ती शून्यावर नेणे मात्र वेगळेच प्रकरण: आतल्या २२ नॅनोफॅरडमुळे अनुनाद ७०० हर्ट्झच्याही खाली जातो. टक कमी होतो तो स्वराचा जीव घेऊन.

कपॅसिटर व्हॉल्यूम पॉटच्या (खुंटीखालच्या बदलत्या रेझिस्टन्सच्या) पिकअपकडच्या पायाला आणि ग्राउंडला. जॅकवर कायमचा लावला तर व्हॉल्यूम कमी करताच पॉटचा रेझिस्टन्स मध्ये येतो आणि आवाज घोंगडीखाली जातो. सिग्नल मिलिव्होल्टमध्ये असतो, ५० व्होल्टचा साधा सिरॅमिक पुरतो. महागड्या ‘व्हिंटेज’ कपॅसिटरवर पैसे घालायचे असतील तर तो छंद समजावा.

सावधगिरी: गिटारनंतर अर्ध्या मीटरवर बफर (पिकअपला पुढच्या केबलपासून वेगळे ठेवणारे सर्किट) असलेला पेडल आला तर पिकअपला पुढची केबल दिसतच नाही. एकूण १५० पिकोफॅरड उरतात आणि उंचवटा ८ किलोहर्ट्झच्या वर जातो. नवा ट्यूनर पेडल घेतल्यापासून पिक जास्त ऐकू येते, ही तक्रार बहुधा याचीच. वायरलेसलाही हेच लागू, म्हणून अनेक वायरलेस संचांत केबलच्या लांबीची नक्कल करणारी सोय असते.

२० जानेवारी : चटचट

कोरड्या थंडीत प्लास्टिकच्या पिकगार्डवर बोट घासले की स्थिर विजेची चटचट येते आणि ती टकसारखीच भासते. ओळख: तारा न छेडता नुसते बोट फिरवले तरी येते. किंचित ओल्या फडक्याने पुसून तात्पुरते थांबते. कायमसाठी पिकगार्डच्या मागे तांब्याचा चिकट पत्रा, ग्राउंडला जोडून.

२३ जानेवारी : कंप्रेसर

कंप्रेसर ठरावीक पातळीच्या (थ्रेशोल्डच्या) वरचा आवाज दाबतो; अटॅक म्हणजे दाब पडायला लागणारा वेळ, रिलीज म्हणजे तो सुटायला लागणारा. सर्रास दाबाचे प्रमाण ४:१ आणि अटॅक २० मिलिसेकंद लावला जातो. त्यात पहिले २० मिलिसेकंद, म्हणजे पिकचा सगळा आवाज, तसाच निसटतो. मागचा स्वर ६ डीबी दबतो. मग मेकअप गेन (दाबलेला आवाज भरून काढणारी वाढ) दोघांनाही ६ डीबी उचलतो. स्वर होता तिथे, टक ६ डीबी वर. चटपटीत फंक गिटारला हेच हवे असते. इथे नको.

म्हणून उलटे: अटॅक ०.१ ते ०.५ मिलिसेकंद, रिलीज ६० ते ८०, आणि थ्रेशोल्ड एवढा वर की फक्त आघाताच्या टोकालाच २-३ डीबी दाब पडेल, स्वर चालू असताना काटा शून्यावर. ११७६ (एक प्रसिद्ध स्टुडिओ कंप्रेसर) किंवा त्याची नक्कल वापरली तर अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद, म्हणजे सगळीच सोय इथे आहे. पण तिची खुंटी उलटी चालते, उजवीकडे नेली की अटॅक जलद होतो.

रिलीज फार लहान नको. खालच्या ई तारेचे एक आवर्तन १२ मिलिसेकंदांचे. रिलीज त्याच्या जवळ गेला की कंप्रेसर प्रत्येक लाटेवर उघड-मीट करतो आणि स्वर फाटतो.

२५ जानेवारी : डायनॅमिक ईक्यू

टीडीआर नोव्हा हे प्लगिन (मोफत आवृत्ती पुरेशी). निवडलेल्या पट्ट्यात आवाज वाढतो तेवढ्यापुरतेच ते कापते. एक पट्टा, ३.६ किलोहर्ट्झ, क्यू (पट्ट्याची रुंदी) १.५, अटॅक १ मिलिसेकंद, रिलीज ४०, जास्तीत जास्त ४ डीबी कपात. पट्टा मुद्दाम रुंद ठेवला. कारण ५ तारखेच्या हिशेबात आहे: चर्र एका जागी थांबत नाही. हीच ४ डीबी कपात साध्या ईक्यूने केली तर स्वराची चमक सगळा वेळ कापली जाते आणि टक तरीही स्वराच्या मानाने तेवढाच वर राहतो.

क्रम: आधी डायनॅमिक ईक्यू, मग कंप्रेसर, मग कॅबिनेट. कंप्रेसर आधी आला तर ईक्यूचा थ्रेशोल्ड नीट बसत नाही, कारण आघात आणि स्वर यांतला फरकच कमी झालेला असतो.

ट्रान्झियंट शेपरने (स्वराच्या सुरुवातीची धार कमी-जास्त करणारे साधन) अटॅक −३ डीबीपर्यंत चालतो. −६ ला गिटारऐवजी टेप उलटी वाजल्याचा भास. गायकासोबत ऐकून −२ वर ठेवला.

२८ जानेवारी : ओव्हरड्राइव्हचा तुकडा

मधल्या आठ बारांना ड्राइव्ह (मुद्दाम फाटवलेला आवाज) आहे. इथे टक स्वतःच दबतो, कारण क्लिपिंग टोके कापते. डोके वर काढतो तो चर्र: स्वराआधीची बारीक घासणी ड्राइव्हच्या गेनमध्ये स्वराएवढीच मोठी होते. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारे साधन) निरुपयोगी, तो चर्रनेच उघडतो.

कपात ड्राइव्हच्या आधी: ३ किलोहर्ट्झपासून वर सगळीकडे ४ डीबी कमी करणारा शेल्फ. ड्राइव्हनंतर कितीही कापले तरी चर्रमधून तयार झालेले नवे स्वरांश खाली उरतातच. नंतर फक्त ५.५ किलोहर्ट्झला लो-पास (त्याच्या वरचे कापणारा फिल्टर).

३१ जानेवारी : उरलेसुरले

अंतिम टेकमध्ये थोडे टक राहिले, बहुतेक एकाच तारेवर लागोपाठ येणाऱ्या स्वरांत. ते हाताने काढले: झुपक्याच्या सुरुवातीला रेकॉर्डिंगचा तुकडा तोडून २ ते ३ मिलिसेकंदांचा फेड-इन. ५ च्या पुढे गेले की स्वर उशिरा आल्यासारखा वाटतो. गायकाचा शब्द नसलेल्या जागी टक तसेच ठेवले, तिथे ते लयीला उपयोगी पडतात.

दुसऱ्या कडव्यात तोच भाग दुहेरी रेकॉर्ड करण्यासाठी हंबकरची (दोन वेटोळ्यांच्या पिकअपची) गिटार येणार आहे. पिकअप ४.४ हेन्री, केबल तीच, म्हणजे अनुनाद कपॅसिटरशिवायच ३.१ किलोहर्ट्झवर. तिला ४७० जोडायचा नाही, फक्त पिक आणि उंची. हंबकरचे कव्हर वर आलेले आहे, आधी ठक तपासणे.